आपली गाडी आपण बघायची नाही

जोयड्याहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" काळी नदीत रबरी होडीतून गेलात का, सुपा धरण पाहिलंत का, वाघ दिसला का. वाघ दिसला नाही. होडीत बसायचं माझं वय नाही, आणि तिच्यात हवा कोण भरतं हे माहीत नसताना मी बसलेही नसते. मी पाहिला तो आमच्या मोटारीच्या पोटातला एक काळा रबरी पट्टा. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. त्याच्यापायी गुंद नावाच्या गावात आम्ही दोन दिवस जास्त राहिलो, आणि माझ्याविषयी माझी जी चांगली मतं होती त्यातली एक-दोन मी तिथेच ठेवून आले.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. माझं नाव सुनंदा. मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकात होते. मोज्यातली, रुमालातली, एकदा तर डब्यातल्या पोळीच्या घडीतली चिठ्ठी मी काढली आहे. या कामाचं साधं सूत्र आहे. उत्तर आठवणारं मूल छताकडे बघतं. कॉपी करणारं मूल पर्यवेक्षकाकडे बघतं. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. दूधवाला, रिक्षावाला, समोरची जोशीण, कुणी सुटत नाही. शरदराव, म्हणजे माझे यजमान, म्हणतात की मी देवळातला प्रसादसुद्धा उलटून बघते. ते खरं आहे.

या वेळी निघालो ते फिरायला नव्हे. आमची एकुलती एक मुलगी शर्वरी गुंदला दिलेली आहे. जावई उमेश गणेशगुडीजवळच्या एका जंगल-लॉजचा कारभार बघतो, घरी भातशेती आणि थोडी सुपारीची बाग आहे. शर्वरीला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमची रीत, म्हणून तिला आणायला निघालो. दांडेलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की न्यायचं तर रविवारपर्यंत न्या, त्यापुढे इतक्या लांबच्या प्रवासाला मी परवानगी देणार नाही. तेव्हा बुधवारी जायचं, गुरुवारचा दिवस राहायचं आणि शुक्रवारी सकाळी लेकीला घेऊन निघायचं, असा बेत होता.

निघण्याआधी मी शरदरावांची नेहमीची तोंडी परीक्षा घेतली. चाकातली हवा? भरली. ऑइल? बदललं. टायमिंग बेल्ट? गाडीचे लाखाच्या वर किलोमीटर झाले होते आणि गॅरेजवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. "बदलला की, मागच्याच महिन्यात," शरदराव म्हणाले. मी यादीवर खूण केली.

रामनगर ते गणेशगुडी, बुधवार

बेळगाव, खानापूर, लोंढा यांचं वर्णन करत नाही. रस्ता होता, तो संपला. रामनगरला चहाला थांबलो. हॉटेलवाला आमच्याशी मराठीत बोलला, शेजारच्या टेबलाशी कोकणीत आणि आतल्या स्वयंपाक्याशी कानडीत, तेही एका दमात. माणूस आपल्यासमोर भाषा बदलून बोलला की तो आपल्याविषयीच बोलतोय असं मला वाटतं. "काय म्हणाला तो?" मी विचारलं. शरदरावांना मिरजेत राहून कामापुरतं कानडी येतं. "चटणी वाढ म्हणाला," ते म्हणाले. चटणी आली, तेव्हा माझा विश्वास बसला. उप्पीट मात्र फार चांगलं होतं, वर लाल मिरचीचा तळलेला तुकडा, आणि खाली केळीचं पान.

जगलबेटच्या पुढे दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं आणि रस्त्याला सावली धरतं. तिथे एक बाई बाटल्यांतून मध विकत होती. मी गाडी थांबवायला लावली. एक थेंब कागदावर टाकून पाहिला, एक पाण्यात सोडला, बाटली उन्हाकडे धरली, बुडाशी साखर बसली आहे का बघितलं. बाई शांतपणे बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "अक्का, नवरा करून घेतलासा तवा एवढं बघितलंसा का?"

शरदराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मध घेतला, पण बाटली मीच निवडली.

गणेशगुडीला काळी नदीवर ऊन पसरलं होतं. पाणी हिरवं, कडेला लॉजचे बोर्ड, आणि रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या होत्या त्या. पौर्णिमेच्या आधी लोक चार-चार, पाच-पाच दिवस चालत, बैलांना विसावा देत उळवीला पोचतात. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीवर ताडपत्री, आत बायका-पोरं आणि भाकऱ्यांची गाठोडी. आमच्याकडे लोक जत्रेला दुपारी जातात आणि संध्याकाळी घरी येऊन पाय दाबून घेतात. इथे जाणं हीच अर्धी जत्रा आहे.

पुढे चढ सुरू होण्याआधी झाडाखाली पाच-सहा गाड्या थांबल्या होत्या आणि माणसं वाकून चाकं, आस, आसाची खीळ हातांनी चाचपून बघत होती. मीही उतरले. पटका बांधलेला एक म्हातारा गाडीखाली जवळजवळ आडवा झाला होता. नाव मल्लाप्पा, खानापूर तालुक्यातला.

"तुमची गाडी का?" मी विचारलं.

"न्हाई वो अक्का. ही त्यांची." त्याने दुसऱ्या एका माणसाकडे बोट केलं. "माझी ते बघूलालेत."

"अदलाबदल कशाला?"

तो धूळ झटकत उठला. "आपली गाडी आपुन बघायची न्हाई. आपल्या गाडीला माणूस माफ करतंय. खीळ जरा झिजली असली तर म्हंतंय, असूंदे, उळवीपातूर जाईल. दुसऱ्याच्या गाडीला कोण माफ करतंय?"

मला ही रीत मनापासून आवडली. इतकी वर्षं लोक मला संशयी म्हणतात, आणि इथे एक अख्खी जत्रा संशयावर चालली होती. हे शरदरावांना सांगावं म्हणून वळले, तर ते केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. उन्हाने त्रास झाला असेल असं वाटलं.

गुंद, गुरुवार

गुंदला घरं एका ठिकाणी नाहीत. एक घर, मग भाताची रिकामी खाचरं, मग जंगलाचा तुकडा, मग दुसरं घर. शेजाऱ्याला हाक मारायची तर आधी दम साठवावा लागतो. उमेशचं घर कौलारू, अंगणात सुपारी वाळत घातलेली. बुधवारी आल्याआल्या गूळ आणि पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला चहा देतात, तो उकळलेला तरी असतो. मी गूळ खाल्ला आणि पाणी विहिरीचं का ओढ्याचं ते विचारलं. विहिरीचं निघालं.

शर्वरी छान दिसत होती. जरा वाळली होती, असं मला वाटलं. विहीणबाईंना ती भरली आहे असं वाटत होतं. सावित्रीबाई, माझ्या विहीणबाई, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, आणि बोलणं थोडं. गुरुवारी दुपारी त्यांनी चुलीत भाजलेली कोनं वाढली. हाताएवढे लांब जंगली कंद असतात ते, वरून काळे, आत पांढरे आणि मऊ, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि खोबरेल. चव अप्रतिम. पण पोटुशी बाईला कसलेकसले कंद घालायचे म्हणजे काय? मी तीनदा विचारलं.

"हेच खाऊन उमेश झालाय," सावित्रीबाई म्हणाल्या आणि शर्वरीच्या पानात अजून एक तुकडा ठेवला.

जेवणानंतर सुपारी सोलता सोलता त्यांनी विषय काढला. "विहीणबाई, एक सांगू का? हितंच केलं असतं तर बाळंतपण? दांडेलीची डॉक्टरीण तिला पहिल्यापास्नं बघतीया. एवढा लांबचा रस्ता. माझी जबरदस्ती न्हाई हां."

जबरदस्ती नाही असं माणूस जबरदस्ती करतानाच म्हणतं, हा माझा अनुभव. मी गोड हसले आणि मनात नोंद केली.

संध्याकाळी सावित्रीबाईंचे भाऊ दत्तामामा जेवायला आले. जोयड्यात त्यांचं गॅरेज आहे. मूळ घर खानापूरकडचं, वडील बैलगाडीने माल वाहायचे. पन्नाशीचा माणूस, नखं काळी, शर्ट मात्र परीटघडीचा. मामांच्या मोटारसायकलला जागा करून द्यायला शरदरावांनी आमची गाडी चालू करून जरा मागे घेतली. मामा अंगणात उभे होते, त्यांनी एकदम कान टवकारले.

"अण्णा, बंद करू नका," ते म्हणाले. मग लांब पेचकस आणून एक टोक इंजिनाला लावलं आणि दुसरं कानाला. "आता बंद करा." उजेडाला बॅटरी मागवली, तीन स्क्रू काढले, वरचं प्लास्टिकचं झाकण बाजूला केलं आणि आत बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

"पट्टा कधी बदललासा?"

"मागच्या महिन्यात," दारातून मीच उत्तर दिलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग शरदरावांकडे. शरदरावांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तसं, मिरजेत ते..." असं काहीतरी ते पुटपुटले.

"ह्यो पट्टा मागल्या म्हयन्यातला न्हवं," मामा म्हणाले. "गाडीसंगट आलेला हाय. दातं फुटूलालेत, वर तेल झिरपलंय. ही गाडी घेऊन जाऊ नका. बेळगावास्नं पट्टा मागवून घेतो, शनवारी बसवून सोडतो."

शनिवारी! माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. बहिणीला सून इथेच ठेवून घ्यायची आहे. भाऊ मेकॅनिक. शनिवारी पट्टा येणार नाही, मग सोमवारी येईल, आणि रविवार टळला की डॉक्टरीणबाई परवानगी देणार नाहीत. बाळंतपण गुंदला. दुसरी गाडी करावी तर जत्रेमुळे सगळ्या गाड्या उळवीकडे लागलेल्या, आणि उमेशकडे नुसती मोटारसायकल. किती बारकाईने रचलं होतं! पोळीतल्या चिठ्ठीनंतर इतकी हुशारी मी पाहिली नव्हती.

"आणि नाही बदलला तर काय होतं?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

मामांनी अंगणातल्या उखळाकडे बोट केलं. "दोघी बाया एका उखळात कांडताना बघितलंसा? एकीचं मुसळ वर, तवा दुसरीचं खाली. तसंच आत चाललंय. खालनं पिस्टन येतोय, वरनं व्हॉल्व्ह येतोय, आन् कुणी कवा यायचं ते ह्यो पट्टा ठरवतोय. पट्टा तुटला की मुसळावर मुसळ. आतलं सगळं वाकलं. इंजिन तितंच बंद. उतारावर असलासा तर स्टेअरिंग जड, ब्रेक दगडावानी. आन् अक्का, ह्यो सांगून तुटत न्हाई. मला ऐकू आली ती पुलीची टिकटिक, पट्ट्याला आवाज न्हाई, दिवा न्हाई. आज चालतंय, उद्या चालतंय, परवा न्हाई."

फार छान समजावून सांगितलं. थापा मारणारे नेहमीच छान समजावून सांगतात. मी म्हणाले, "बघू या," आणि आत जाऊन बॅगा भरायला घेतल्या.

गुंद, शुक्रवार

सकाळी मी आवरून तयार. शर्वरीची ओटी भरली, सावित्रीबाईंनी मुकाट्याने भरली. आमच्याकडे ओटीत नारळ देतात. इथे नारळ तर दिलाच, वर सुपारीचा एक छोटा घोस आणि घरच्या भाताची ओंजळ. शर्वरीला मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं.

उमेश माझ्यासमोर आला. "आई, दोन दिवस थांबू या. मामा उगाच बोलणारा माणूस नाही."

"तुमचेच मामा," मी म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

तेव्हा सावित्रीबाई गाडीपाशी आल्या आणि त्यांनी शर्वरीच्या बाजूचं दार धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "न्या वो, तुमचीच लेक हाय. पण ह्या गाडीतनं नगा नेऊ."

मला ते पाणीसुद्धा कटातलंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. "तुम्ही सगळे एक आहात," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मागून शर्वरीचा आवाज आला, "आई, तू बाबांना एकदा नीट विचार ना."

"त्यांना काय विचारायचंय? अहो, चालू करा गाडी."

शरदराव स्टेअरिंगवर बसले होते. चावी लावलेली होती, तिच्यावर त्यांचा हात होता. हात फिरत नव्हता. ते रस्त्याकडे बघत नव्हते, आरशात बघत नव्हते, मागे लेकीकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

ती नजर मी हजार वेळा पाहिली आहे, तिसऱ्या बाकावर, पाचव्या बाकावर, खिडकीशेजारी. काल संध्याकाळीही हीच होती. गणेशगुडीला बैलगाड्यांपाशी तर त्यांनी माझ्यासमोरून पळच काढला होता. सगळ्या जगाच्या खिशात हात घालणारी मी, या एका माणसाचा खिसा बत्तीस वर्षांत तपासायचा राहिला होता.

"शरदराव," मी म्हणाले, "चिठ्ठी काढा."

त्यांनी चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली. "नाही बदलला," ते म्हणाले.

"मग बदलला का म्हणालात?"

"गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवावी लागली असती. तू विचारलं असतंस, याच गॅरेजात का, पट्टा खरा कशावरून, काम करणारा कोण, जुना पट्टा दाखव. 'बदलला' म्हटलं की एका शब्दात संपतं. पुढच्या महिन्यात बदलणारच होतो गं. गाडी चांगली चालत होती." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्याशी खोटं बोललं की सुटका होते. खरं बोललं की उलटतपासणी होते."

मला राग इतका आला की कानात आवाज झाला. आणि रागाच्या पाठोपाठ भीती आली. अडीचशे किलोमीटर आम्ही त्या पट्ट्यावर आलो होतो, आणि आता मी त्याच्यावर सात महिन्यांची पोटुशी लेक बसवली होती. मागे वळून पाहिलं तर शर्वरी पोटावर हात ठेवून बसली होती. तिला बापाची नजर माझ्याआधी कळली होती. मी उतरून मागचं दार उघडलं आणि तिला हात दिला.

माफी मागायची मला सवय नाही, द्यायचीही नाही. मी म्हणाले, "विहीणबाई, मी तुम्हाला फार वाईट समजले."

"ते मला कालच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "चला आता. पेज निवूलालीय."

पेज उकड्या तांदळाची होती, सोबत कैरीचं लोणचं. मी काही न विचारता दोन वाट्या खाल्ल्या.

गुंद, शनिवार

इकडे बेळगावाहून काही मागवायचं तर ते एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करतात. दुकानदार त्याच्या शेजारी पुडकं ठेवतो, तो जोयड्याला उतरवतो, ना पावती ना सही. एरवी मी यावर अर्धा तास बोलले असते. शनिवारी सकाळी पुडकं जसंच्या तसं आलं, उमेशने ते मोटारसायकलवरून आणलं आणि मामा हत्यारं घेऊन हजर झाले. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, मी तुम्हाला खोटारडा समजले होते."

"गिऱ्हाईक समजतंयच अक्का. टायमिंग बेल्ट म्हंजे न दिसणारा आजार. चाक पंक्चर झालं तर दिसतंय. हे सांगणारा मेकॅनिक सगळ्यास्नी चोर वाटतोय."

जुना पट्टा बाहेर आला. मामांनी तो उलटा वाकवून माझ्यासमोर धरला. दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या, एका ठिकाणी दात होताच कुठे, नुसती जागा. दुसरा एक त्यांनी नखाने सहज उडवला.

"अजून किती गेली असती?" शरदरावांनी हळूच विचारलं.

"ते सांगता आलं असतं तर गॅरेज कशाला घातलं असतं अण्णा, मठ घातला असता." मामांनी कोयत्याने पट्ट्याचे दोन तुकडे केले. जुना पट्टा ते अख्खा कुणाला देत नाहीत, न जाणो कुणी परत बसवेल म्हणून. सावित्रीबाईंनी दोन्ही तुकडे उचलले. कुंपणाच्या फाटकाला बिजागरी म्हणून होतील म्हणाल्या.

नव्या पट्ट्याबरोबर त्याला ताण देणारी पुली आणि पाण्याचा पंपही बदलला. एवढं सगळं उघडून परत जुनाच पंप ठेवला आणि तो अडकला, तर नव्या पट्ट्याचीही वाट लागते. मामांनी कनवटीची चुन्याची डबी काढली आणि वरच्या आणि खालच्या चाकावरच्या खुणांवर बोटाने चुना लावला, म्हणजे त्या लांबून दिसाव्यात. पट्टा चढवला, ताण दिला, मग मोठ्या पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं. त्या दोन फेऱ्यांनंतर चुन्याच्या रेघा आपापल्या खाचेसमोर यायला हव्यात. मामांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि स्टार्टरकडे जायच्या ऐवजी पाना खाली ठेवला.

"गॅरेजात माझा भागीदार बघतोय. त्यानं बघितल्याबिगर मी स्टार्टर मारत न्हाई, त्याचं काम मी बघतो. हितं तो न्हाई." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "अण्णा बघतील तर माफ करतील. अक्का, तुम्ही बघा. तुमची नजर वाईट हाय."

मला इतकी मोठी पदवी आजवर कुणी दिली नव्हती. मी पदर खोचला, चष्मा पुसला आणि बॉनेटखाली शिरले. खालची रेघ खाचेसमोर, अगदी बरोबर. वरची पाहिली. परत पाहिली. बाजू बदलून, मान वाकडी करून पाहिली.

"वरची रेघ खाचेसमोर नाही," मी म्हणाले. "एक दात अलीकडे आहे."

"हाय की बरोबर."

"तुम्ही उभे आहात तिथून बरोबर दिसते. इथून बघा."

मामा माझ्या जागी आले. बराच वेळ वाकून राहिले. मग पुलीचा ताण सैल केला, पट्टा काढला, एक दात सरकवून परत चढवला, परत दोन फेरे. या वेळी मी दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग उमेशला बघायला लावलं, मग स्वतः परत पाहिलं.

"मघाशी स्टार्टर मारला असता तर?" मी विचारलं.

"एका दाताच्या फरकानं नुसतं धूर करत, रडत चाललं असतं. न्हाईतर हितंच कांडण." मामांनी कपाळ पुसलं, तिथे चुना लागला. "ताण देताना सरकलं आसंल. व्हय अक्का, चुकलंच माझं. म्हणून तर दुसऱ्यानं बघायचं."

किल्ली फिरवली ती शरदरावांनी. इंजिन चालू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. इतके दिवस त्यात एक टिकटिक होती, ती बंद झाल्यावर कळली. शर्वरी ओसरीवरून हसली. तीन दिवसांत मी तिला पहिल्यांदा इतकं मोकळं हसताना पाहिलं.

परत

रविवारी सकाळी निघालो. फाटक उघडताना नवी बिजागरी दिसली, काळी, दातेरी. सावित्रीबाईंनी शर्वरीच्या केसांत अबोलीचा गजरा नीट बसवला. गणेशगुडीच्या उतारावर जत्रेच्या गाड्या समोरून चढत होत्या आणि आम्ही त्यांना वाट देत हळूहळू उतरत होतो. मध्येच शरदराव म्हणाले, "चाकात हवा कमी आहे. निघताना बघितली नाही."

"बरं," मी म्हणाले. पुढचे नऊ प्रश्न मी गिळले. ते घशातून खाली जाईपर्यंत रामनगर आलं, आणि तिथे आम्ही हवा भरून घेतली.

मिरजेला आल्यावर मी बाळंतिणीची खोली लावायला घेतली. ही माझी हातखंडा कामं. खिडक्यांना जाळ्या, गादी उन्हात, पाळण्याची दोरी ओढून पाहिलेली, प्रत्येक गोष्ट दोनदा बघितलेली. सगळं झाल्यावर दारात उभी राहून पाहिलं आणि मला ती खोली फारच छान वाटली. तेवढ्यात मल्लाप्पाचा पटका डोळ्यांसमोर आला. मी गुंदला फोन लावला.

"विहीणबाई, चार दिवस या. खोली बघून जा."

"तुम्ही बघितलीसा न्हवं?"

"मी बघितली आहे. म्हणूनच या."

त्या आल्या, उमेशबरोबर, पिशवीत कोनं घेऊन. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि चहा घ्यायच्या आधी थेट खोलीत गेल्या. जाळ्या चाचपल्या. पाळणा हलवून पाहिला. गादी उचलून खाली पाहिलं. मी हाताची घडी घालून उभी होते आणि खरं सांगते, मला राग येत होता. मग त्या पलंगाच्या उशाशी उभ्या राहिल्या, जिथे शर्वरीचं आणि बाळाचं डोकं येणार होतं, आणि त्यांनी वर पाहिलं.

"हे काय हाय वो, विहीणबाई?"

वर माळा होता. माळ्याच्या अगदी कडेला माझ्या सासूबाईंचे तांब्याचे तीन हंडे एकावर एक रचलेले होते. वीस वर्षं ते तिथेच होते, दर दिवाळीला मी ते खालूनच बघून म्हणायची, पुढच्या वर्षी उतरवू. शरदरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते शिडी आणायला गेले, आणि मी पदर खोचून खाली उभी राहिले, हंडे हातात घ्यायला.